हळद पेवात, नंबर वहीत

आमचे आप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या लाल कापडी वहीत प्रत्येक वक्कलापुढे, म्हणजे मालाच्या एकेका लॉटपुढे, शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन असायचं आणि शेवटच्या रकान्यात एक नंबर, हरिपूरच्या पेवाचा. माल तिकडे, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीखाली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद खड्ड्यात. वहीत फक्त तो कुठे आहे एवढंच. सौदा नमुना बघून व्हायचा. पेव उघडायचं ते माल उचलायच्या दिवशी, कारण ते उघडणं म्हणजे मोठं काम. तोंडावरची माती काढायची, आत कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबायचं, मग माणूस खाली उतरणार.

ओरॅकल या डेटाबेसमधला ‘रेफ’, म्हणजे दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवणारी नोंद, मला या रकान्यामुळे समजला. त्याआधी दोन वर्षं मी तो नुसता वापरत होते.

एका अडत दुकानाच्या हिशोबाचा प्रोग्राम जावात नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. डेटाबेस आधीच्या कुणीतरी मन लावून बांधलेला. साधी टेबलं नव्हती, ऑब्जेक्ट टेबलं होती. शेतकरी हा एक टाइप, वक्कल हा दुसरा, आणि वक्कलात शेतकऱ्याच्या जागी खातेक्रमांक नव्हता, शेतकऱ्याचा रेफ होता. ओरॅकलने ही सोय 1997 साली आठव्या आवृत्तीत आणली. ऑब्जेक्ट टेबलातल्या प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख मिळते. आपण वेगळं काही सांगितलं नाही तर ती ओरॅकलच तयार करतं, 16 बाइटची. रेफ म्हणजे ती ओळख जपून ठेवलेली चिठ्ठी. ओळीतला माल त्यात नसतो.

जावाच्या बाजूला या चिठ्ठीसाठी रेफ नावाचाच इंटरफेस आहे, जेडीबीसी (जावाला डेटाबेसशी जोडणारी सोय) 2.0 पासून, म्हणजे 1998 च्या जेडीके 1.2 या जावाच्या संचापासून. आपला क्लास एसक्यूएलडेटा इंटरफेस पाळणारा लिहायचा, कनेक्शनच्या टाइप मॅपमध्ये ‘या नावाचा टाइप आला की हा क्लास’ अशी नोंद करायची. ती नोंद नसेल तर ऑब्जेक्ट स्ट्रक्ट म्हणून येतो, म्हणजे गुणधर्मांची नुसती रांग. क्लासच्या रीडएसक्यूएल या वाचणाऱ्या मेथडमध्ये गुणधर्म टाइपमध्ये ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने वाचावे लागतात. यात मी एकदा वजन आणि दर उलटे वाचले. दोन्ही आकडेच, त्यामुळे कुठेही एरर आली नाही, आणि गुणाकार उलटसुलट केला तरी तोच येतो म्हणून रक्कमही बरोबर आली. फक्त छापलेल्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबावर, शेतकऱ्याची हळद काही हजार क्विंटल दिसायला लागली.

खरी अडचण पुढे आली. वक्कलाच्या क्लासमध्ये शेतकरी हे फील्ड कोणत्या प्रकारचं ठेवायचं? मला वाटलं, सरळ शेतकरी ठेवावं. रीडएसक्यूएलमध्ये रेफ वाचायचा आणि तिथल्या तिथे गेटऑब्जेक्ट करून (चिठ्ठीवरची ओळ मागवून) पूर्ण शेतकरी हातात घ्यायचा. वापरायला किती सुंदर! वक्कलाला विचारा शेतकरी कोण, शेतकऱ्याला विचारा गाव कोणतं. दहा वक्कलांवर तपासलं, झकास चाललं. हंगामात, फाल्गुन-चैत्रात, दिवसाची यादी काढायला दुकानात चहा येऊन गार व्हायला लागला.

कारण गेटऑब्जेक्ट म्हणजे दर वेळी सर्व्हरकडे एक स्वतंत्र फेरी. 1,400 वक्कलं असली की एक क्वेरी आणि वर 1,400 फेऱ्या. यादीत मला हवं होतं फक्त नाव आणि गाव.

त्या रात्री घरी हे बोलता बोलता आप्पा म्हणाले, “अगं, यादी करायला पेव कशाला उघडतीस? वहीत नंबर आहे की.”

मी फील्डचा प्रकार बदलून रेफ केला. चिठ्ठी चिठ्ठीच राहू दिली. एका शेतकऱ्याची पट्टी करायची असेल तेव्हाच गेटऑब्जेक्ट. यादीसाठी क्वेरीतच टिंब देऊन आत गेले: वक्कलाचा शेतकरी, त्याचं नाव. रेफवर असं टिंब दिलं की ओरॅकल स्वतः पलीकडे जाऊन नाव आणतं, सगळं एकाच फेरीत. पूर्ण ऑब्जेक्टच हवा असेल तर क्वेरीत डीरेफ लिहावं. रेफच्या कॉलमला स्कोप दिला, म्हणजे ‘ही चिठ्ठी याच टेबलातल्या ओळीची’ असं बांधून टाकलं, की चिठ्ठी लहान होते आणि आतमध्ये नेहमीच्या जॉइनसारखं (दोन टेबलं जोडून वाचण्यासारखं) काम होऊ शकतं. आधीच्या माणसाने स्कोप दिला नव्हता. एवढं एकच त्याचं मला पटलं नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. दोन वक्कलांत एकाच शेतकऱ्याचा रेफ असला तरी दोनदा गेटऑब्जेक्ट केल्यावर जावात दोन वेगळे शेतकरी तयार होतात. डेटाबेसमध्ये माणूस एक, मेमरीत दोन. एकाचा पत्ता बदलला तर दुसऱ्याला पत्ताच नाही, आणि नंतर जो लिहिला जाईल तो आधीच्यावर जाईल. म्हणून खातेक्रमांकावर चालणारा एक मॅप, म्हणजे आणलेल्या शेतकऱ्यांचा तक्ता, मी मध्ये ठेवला. खातेक्रमांक क्वेरीतच टिंब देऊन घ्यायचा. आधी तिथे बघायचं, नसेल तरच आणायचं. हल्ली जावासाठीच्या हायबरनेटसारख्या साधनांत हे आयतं मिळतं, पण एका सेशनपुरतंच.

मग आला मे महिना आणि 37 वक्कलांचे शेतकरी गायब झाले. पट्टीवर नावाची जागा कोरी. रेफ नल (रिकामा) असलेल्या ओळी शोधल्या, एकही मिळाली नाही. चिठ्ठ्या होत्या, चिठ्ठ्यांपलीकडे कुणी नव्हतं. दुकानातल्या मुलाने नावांतल्या चुका दुरुस्त करताना जुनी नोंद पुसून नवी टाकली होती. तेच नाव, तेच गाव, तोच खातेक्रमांक. पण नव्या ओळीला ओरॅकलने नवी ओळख दिली आणि जुने रेफ पुसलेल्या ओळीकडेच बोट दाखवत राहिले. अशा रेफला डँगलिंग म्हणतात. डीरेफ केलं की नल मिळतं, पण रेफ स्वतः नल नसतो. तो शोधायला ‘इज डँगलिंग’ अशी वेगळी अटच लिहावी लागते. ओळख खातेक्रमांकावरूनच बनवलेली असती, आणि ओरॅकलमध्ये तशी सोय आहे, तर नवी नोंद पडताच जुन्या चिठ्ठ्या पुन्हा लागू झाल्या असत्या.

आप्पांना हे सांगायला लागलेच नाही. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, तेव्हा त्यांच्या वहीत नंबर तसेच होते. त्या वर्षीची वही त्यांनी अजून माळ्यावर ठेवली आहे.

डँगलिंग रेफ एकाच आदेशात नल करता येतात. तो आदेश मी लिहून ठेवला होता, चालवला नाही. नल केले असते तर पट्ट्यांवरून ती माणसं कायमची गेली असती. त्याऐवजी 37 वक्कलांची यादी छापली, पोती, वजन, तारीख, दर यांसकट, आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा पुसला. दुकान सोडून सहा वर्षं झाली होती, तरी पोत्यांच्या संख्येवरून आणि दरावरून ते सांगत गेले: हा कडेगावचा, याचं हळकुंड जाड असतं म्हणून दर चढा, हे दोघे भाऊ वाळव्याचे, एकाच गाडीतून माल आणतात. दुकानातल्या कच्च्या चिठ्ठ्यांशी मी प्रत्येक नाव ताडून पाहिलं. 35 जुळली.

रेफच्या कॉलमवर आता रेफरन्सेसचं बंधन आहे. वक्कल असलेला शेतकरी पुसायला गेलं की ओरॅकल अडवतं. उरलेल्या दोन वक्कलांच्या पट्ट्या दुकानात गल्ल्याजवळ टाचून ठेवल्या होत्या. दसऱ्याच्या आधी दोघंही येऊन आपापली पट्टी घेऊन गेले.