चारशे सतरा रुपये

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार. आयफोन १६ विक्रीला आला तो दिवस. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या मोबाईलच्या दुकानाचं शटर सकाळी आठलाच वर गेलं होतं.

साडेतीनच्या सुमारास एक मुलगा आला. पंचविशीचा असेल. शिरोलीच्या फाउंड्रीत पहिली पाळी संपवून, घरी जाऊन कपडे बदलून आला होता. हातात पडणारा पगार एकोणीस हजार, हे त्यानंच सांगितलं. १६ हवा होता, चोवीस हप्त्यांवर.

मी शेजारी १५ काढून ठेवला. १६ आल्यावर १५ची किंमत ७९,९०० वरून ६९,९००वर आली होती. १६ला नवी चिप, जास्त रॅम आणि कडेला कॅमेऱ्याचं बटण आहे, ते मी दाखवलं. पण दोन्हींचा पडदा ६.१ इंचीच, मुख्य कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचाच, हेही सांगितलं. "दादा, दहा हजार वाचतील. तुमचा अर्धा पगार आहे तो."

त्यानं मोबाईलवरच भागाकार केला. ३,३२९ आणि २,९१२.

"महिन्याला चारशे सतराचाच फरक की! तेवढ्यासाठी जुना कशाला घेऊ?"

मी गप्प झालो. आठ वर्षं काउंटरला उभा आहे, पण किंमत अशी डोळ्यांदेखत विरघळताना मी पहिल्यांदाच पाहिली. नव्या साध्या मॉडेलची किंमत १३ पासून १६ पर्यंत, म्हणजे २०२१ ते २०२४, दर वर्षी ७९,९००च होती. त्यात १८ टक्के जीएसटीचेच बारा हजारांवर जातात. पण हप्त्यावर घेणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतात ते महिन्याचे तीन हजार.

मग त्यानं दोन्ही फोन काचेवर पालथे ठेवले. १५चे कॅमेरे तिरके, १६चे एकाखाली एक. हा दारापर्यंत मागे गेला आणि तिथून बघत राहिला.

"इथनं कळतंय," म्हणाला. "घरात लग्नाची बोलणी चाललीत, दादा. पावणे पगार विचारतातच, पण त्याआधी टेबलावरचा फोन बघतात."

यावर मी काय बोलणार? माझ्या धाकट्या भावासाठी स्थळं बघताना आमच्याही घरी हेच झालं होतं. तरी कागद घेऊन मी चोवीस महिन्यांचे आकडे लिहिले, फाईल चार्ज वेगळा मांडला, एक जरी हप्ता चुकला तर दंड लागतो आणि सिबिल खराब होतं, तेही लिहिलं. फायनान्सवाला माझ्याकडे बघत होता. त्याचंही टार्गेट होतं, माझंही होतं. मुलानं कागद दोनदा वाचला, मान हलवली आणि निळा १६ घेतला.

नव्या फोनचा डबा हातात देताना आम्ही सगळे टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. त्याचा फोटो छान आला. कागदाची घडी घालून मी ती बिलाबरोबर पिशवीत ठेवली आणि आत काय आहे ते त्याला पुन्हा एकदा सांगितलं.