वैद्य आणि वैदू

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात फडके अंथरून मुळ्या, साली आणि बिब्बे मांडून बसलेली वैदू बाई दिसली की मला या दोन शब्दांचे नवल वाटते. 'वैद्य' आणि 'वैदू' यांचे मूळ एकच. पण पहिल्याच्या दारावर पदवीची पाटी लागते, आणि दुसरा शब्द शासनाच्या यादीत भटक्या जमातीचे नाव म्हणून उरतो. गुळवेल मात्र दोघांकडेही तीच असते.

वैदूच्या प्रत्येक औषधाने गुण येतो, असे माझे म्हणणे नाही. काही उपाय घातकही ठरतात. परंतु कोणाचे ज्ञान तपासून पाहण्याच्या योग्यतेचे मानायचे, हा निवाडा औषधापेक्षा माणसाची पायरी पाहून झालेला आहे. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या पहिल्या भागात, सूत्रस्थानात, शिष्य कोणाला करावे हे सांगताना ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य यांचा उल्लेख येतो. चांगल्या कुळातील गुणी शूद्राला उपनयनाशिवाय, मंत्र वगळून शिकवावे, हे केवळ 'काहींचे मत' म्हणून नोंदलेले आहे. हातांचा इतिहास मात्र वेगळाच दिसतो. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये 1794 साली एक पत्र छापून आले. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या, इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवण्यात आले होते, आणि ते काम करणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा होता. त्या पत्रातून रुग्णाचे नाव आपल्याला कळते, कारागिराची मात्र जात. आज या विद्येचा अभिमान सांगताना आपण सुश्रुताचे नाव घेतो आणि वीटकऱ्याला विसरतो.

2020 साली आयुर्वेदातील शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना 58 शस्त्रक्रियांची मुभा मिळाली आणि अॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी 11 डिसेंबरला संप केला. तो वाद पदवीधरांचा पदवीधरांशी होता.

रुग्णांच्या बाजूनेही हीच उतरंड दिसते. शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या डोंगरी वाडीतून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात यायचे म्हणजे एसटीचे भाडे, केसपेपरची रांग आणि बुडालेला रोज. त्यामुळे तिथला माणूस जवळच्या गावातील बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरकडे जातो, आणि तो डॉक्टर काढ्याऐवजी सुई आणि सलाईन देतो, कारण उद्या पुन्हा कामावर उभे राहायचे असलेल्या माणसाला तेच हवे असते. म्हणजे आयुर्वेदाच्या किंवा होमिओपॅथीच्या पाटीखाली गरिबाला अॅलोपॅथी मिळते, तीही अर्धवट. अस्सल आयुर्वेद, पथ्यपाणी आणि विश्रांतीसह, ज्यांना रजा घेता येते त्यांच्या वाट्याला येतो.

मी त्यांच्यातलीच. गेल्या वर्षी गुडघा दुखू लागला तेव्हा आधी एमआरआय काढला, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले, आणि त्यानंतर हौसेने पंधरा दिवस जानुबस्ती, म्हणजे गुडघ्यावर कोमट औषधी तेल धरून ठेवण्याचा आयुर्वेदिक उपचार, करून घेतली. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा गुडघा माझ्याही आधीपासून दुखतो. त्या महिन्यातून एकदा सुई घेऊन येतात आणि फरशी पुसायला बसतात. माझ्या उपचारांच्या दिवसांत एकदा त्यांनी विचारले, "वैनी, ते तेल केवढ्याला पडतंय ओ?"

मी खरी किंमत सांगितली नाही. निम्मी सांगितली, आणि तीही ऐकून त्यांनी फडके पिळले.