टॅक्स ऑडिटच्या तोंडावर आलेला शनिवार

कोल्हापुरातील ज्या सीए कार्यालयाच्या संगणकांची देखभाल मी करते, तेथे सप्टेंबरमध्ये कोणी रजा मागत नाही आणि मागितली तरी मिळत नाही. टॅक्स ऑडिटच्या अहवालांची मुदत ३० तारखेला संपते, आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी करणारी मुले रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात आणि अशा दिवसांत सर्व्हरला कोणी हात लावू नये असा तेथील अलिखित नियम आहे. अशाच एका सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शनिवारी सकाळी तेथील ज्येष्ठ अकाउंटंट काकांचा फोन आला. "मॅडम, टॅलीत एकही कंपनी दिसत नाही आणि एक्सेलच्या सगळ्या फायलींना मागं कसलं तरी शेपूट लागलंय," असे ते म्हणाले. टॅली म्हणजे तेथील हिशेबाचा प्रोग्रॅम. ते शेपूट त्यांनी अक्षर अक्षर करून वाचून दाखवले तेव्हाच हे रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू आहे हे कळून चुकले. सर्व्हर बंद न करता फक्त त्याची नेटवर्कची केबल काढा आणि बाकीची यंत्रे कोणी सुरूच करू नका, एवढे सांगून मी निघाले.

पोहोचल्यावर दिसले ते अपेक्षेप्रमाणेच होते. प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची एकेक चिठ्ठी होती. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये आदल्या संध्याकाळपासून ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदींची रांग लागली होती आणि मध्यरात्रीनंतर त्याच खात्याची ४६२४ क्रमांकाची, म्हणजे यशस्वी लॉगिनची एक नोंद होती. मुलांना घरून काम करता यावे म्हणून पूर्वीच्या एका तंत्रज्ञाने राउटरवर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून सर्व्हर वापरण्याची सोय, थेट इंटरनेटला उघडा ठेवला होता, आणि चोर त्याच दाराने आत आला होता. कार्यालयात बॅकअप नव्हता असे मुळीच नाही. रोज संध्याकाळी सगळा डेटा कपाटावरच्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कवर जोडलेल्या डिस्कांच्या पेटीत कॉपी होत असे, परंतु ते नॅस सर्व्हरवर झेड ड्राइव्ह म्हणून कायमचे जोडलेले असल्याने विषाणूच्या दृष्टीने ते सर्व्हरचेच एक फोल्डर होते आणि तेही तेवढ्याच निष्ठेने कुलूपबंद झाले होते. विंडोज स्वतः ठेवते त्या फायलींच्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपीही पुसलेल्या होत्या, कारण हल्लीचे बहुतेक रॅन्समवेअर फायलींना हात घालण्याआधी तेच काम उरकते.

उरला होता ऑनलाइन बॅकअप, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली प्रत. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या भागीदार सरांनी तेव्हा जो प्रश्न विचारला तो अगदी रास्त होता. "तो तर रात्रभर चालूच असतो ना? मग त्यानेही या खराब झालेल्या फायलीच वर चढवल्या असतील." खरोखरच चढवल्या होत्या. आमच्या सेवेच्या वेबपानावर रोज किती डेटा वर गेला त्याचा आलेख असतो. एरवी काहीशे एमबीच्या बुटक्या रेघा असलेल्या त्या आलेखात शुक्रवार-शनिवारच्या मधल्या रात्री एकदम मनोरा उभा राहिला होता. हे प्रोग्रॅम फायलीचा फक्त बदललेला भाग पाठवतात. मात्र कूटबद्ध, म्हणजे विषाणूने कुलूपबंद केलेली फाईल जुन्या फायलीशी कुठेच जुळत नाही, म्हणून ती संपूर्ण नव्याने पाठवली जाते आणि अपलोड एकाएकी फुगतो. काही सेवा आता हाच फुगवटा पाहून ग्राहकाला आपण होऊन इशारा देतात. गेल्या काही वर्षांत आलेल्या सुधारणांमध्ये मला ही सर्वांत समजूतदार वाटते, कारण ती फायलीत काय आहे हे न वाचताच काहीतरी बिनसले आहे हे ओळखते.

पूर्वीची गोष्ट असती तर सरांची भीती खरी ठरली असती. २००५ च्या सुमारास मोझी आणि कार्बोनाइट यांसारख्या सेवा आल्या तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर धोका होता तो हार्ड डिस्क मरण्याचा किंवा लॅपटॉप चोरीला जाण्याचा, आणि त्यासाठी कालची एक प्रत असली म्हणजे पुरत असे. शत्रू स्वतःच आत बसून फायली बदलतो आहे आणि बॅकअपचा प्रोग्रॅम ते बदल इमानदारीने वर पाठवतो आहे, ही परिस्थिती नंतरची. तिच्यावर उतारा म्हणून प्रत्येक सेवेला काळात मागे जाण्याची सोय वाढवावी लागली. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये वनड्राइव्ह संपूर्णपणे मागच्या ३० दिवसांतील एखाद्या क्षणावर नेण्याची सोय दिली, ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये रिवाइंड नावाची तशीच सोय आणली, आणि बॅकब्लेझने आधी ३० दिवस, मग जादा पैसे घेऊन एक वर्ष आणि २०२३ मध्ये तेच एक वर्ष मूळ वर्गणीतच देऊ केले. आमच्या सेवेतही जुन्या आवृत्त्या वर्षभर राहत होत्या. त्यामुळे कूटबद्ध फायली वर गेल्या असल्या तरी त्यांनी जुन्यांना पुसले नव्हते. विषाणूने नावे बदलल्यामुळे मूळ नावाच्या फायलींवर 'काढून टाकलेली' असा शिक्का पडला होता आणि शेपटीवाल्या फायली नव्या म्हणून शेजारी बसल्या होत्या. तारीख आणि वेळ शुक्रवार रात्री साडेअकरा अशी निवडताच सगळी फोल्डरे जशीच्या तशी पडद्यावर आली. सरांनी खुर्ची ओढून घेतली ती तेव्हा.

याच वेळी त्यांना आठवले की रात्री दोनच्या सुमारास मोबाइलवर सहा अंकी कोडचा एक मेसेज आला होता. बँकेच्या नावाने फसवणारे असतील म्हणून त्यांनी तो न वाचता फोन पालथा ठेवला आणि झोपले. मी सेवेच्या खात्याची लॉगिनची नोंद उघडून पाहिली. सर्व्हरवरच्या ब्राउझरमध्ये बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड साठवलेला होता, चोराने तो वापरून आत शिरण्याचा प्रयत्न केला होता आणि दुसऱ्या टप्प्यातील कोडपाशी तो अडला होता. आत गेला असता तर त्याने पहिली गोष्ट कोणती केली असती याविषयी मला शंका नाही. बॅकअप असलेला माणूस खंडणी देत नाही हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. म्हणूनच पूर्ण बॅकअप काढून टाकण्याची आज्ञा दिली तरी तो काही दिवस राखून ठेवण्याची पद्धत आता अनेक सेवांनी स्वीकारली आहे.

पुढची अडचण निराळीच होती. ग्राहकांचे पॅन, आधार आणि बँकांची विवरणे असल्यामुळे खाते उघडताना सरांनी स्वतःची खासगी किल्ली, म्हणजे डेटा उघडण्याचा स्वतःचा सांकेतिक शब्द ठेवला होता. अशी किल्ली घातली की सेवा चालवणाऱ्या कंपनीलाही डेटा उघडता येत नाही, आणि किल्ली हरवली तर तीच कंपनी हात वर करते, त्यात तिचा दोष नसतो. किल्ली कुठे लिहून ठेवली हे सरांना आठवेना. टेबलाचे खण, तिजोरी, जुनी डायरी असे सगळे पाहून झाले. शेवटी काकांनी डीएससीचा डबा आणला. प्रत्येक सीए कार्यालयात असा एक डबा असतो. ग्राहकांच्या डिजिटल सहीची यूएसबी टोकने, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनाने लिहिलेले नाव, काहींच्या मुदती संपलेल्या, काहींचे मालकही आता हयात नसलेले. त्या टोकनांच्या तळाशी बंद पाकिटात किल्ली होती. माझ्या मते ती जागा वाईट नव्हती, कारण त्या कार्यालयात तो एकच डबा कोणी कधी हलवत नाही.

रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उतरवणे, करायचे ते मूळ सर्व्हरवर नव्हे, हे मी आधीच ठरवले होते. त्याच्या डिस्का काढून बाजूला ठेवल्या, कारण तक्रारीच्या कामी त्या लागणार होत्या, आणि नव्या डिस्कांवर विंडोज बसवले. एकूण डेटा सुमारे ६०० जीबी होता. कार्यालयाच्या १०० एमबीपीएसच्या जोडणीवर तो कागदोपत्री तेरा-साडेतेरा तासांत उतरतो, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. आमचा सगळा डेटा अर्ध्या एमबीपीएसच्या जुन्या ब्रॉडबँडवरून वर चढवायचा म्हटला असता तर साडेतीन महिन्यांच्या वर गेले असते. फायबर आले नसते तर या सेवा आपल्याकडे एवढ्या रुजल्याच नसत्या. अमेरिकेतील काही सेवा रिस्टोअरसाठी डेटा भरलेली हार्ड डिस्क कुरिअरने घरपोच पाठवतात. तेथे ती सोय उत्तम असेलही, पण कोल्हापुरात बसून ३० सप्टेंबर गाठायचा असताना कस्टम्समधून सुटणाऱ्या डिस्कची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

म्हणून क्रम लावला. ज्यांचे ऑडिट बाकी होते त्या ग्राहकांची टॅलीची फोल्डरे आणि वर्किंग पेपर्स आधी, मागील वर्षांची विवरणपत्रे नंतर, स्कॅन केलेली बिले सर्वांत शेवटी. पूर्वी वेबपानावरून झिप फाईल बनवून घ्यावी लागे. ती बनायला काही तास, उतरायला काही तास आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून, असा तो प्रकार असे. आता अनेक सेवांना रिस्टोअरसाठी वेगळे ॲप असते. ते फायली थेट मूळ फोल्डररचनेत उतरवते आणि तुटलेल्या जागेपासून पुढे चालू राहते. त्या दिवशी दुपारी वीज दोनदा गेली आणि या एका सुधारणेचे मोल सर्वांना कळले.

टॅलीपाशी मात्र घाई नडणार होती. टॅली प्रत्येक कंपनीसाठी क्रमांक असलेले वेगळे फोल्डर ठेवते आणि त्यातील अनेक फायली एकमेकींवर अवलंबून असतात. एका आर्टिकलने मदत म्हणून प्रत्येक फाईलची सर्वांत ताजी चांगली आवृत्ती निवडून एक कंपनी उतरवली, ती उघडताच टॅलीने चूक दाखवली आणि त्याने लगेच रीराइट, म्हणजे टॅलीतील बिघडलेला डेटा दुरुस्त करण्याची सोय, वापरण्याचा प्रस्ताव मांडला. मी त्याला थांबवले. एक फाईल दहा वाजताची आणि दुसरी साडेअकराची असेल तर रीराइट करून ती कंपनी उघडेलही, पण आत कोणत्या नोंदी गळाल्या हे कोण सांगणार? बॅकअपचा प्रोग्रॅम उघड्या फायली घेताना शॅडो कॉपीच्या मदतीने सगळ्या फोल्डरचे एकाच क्षणाचे चित्र घेतो, आणि ते चित्र अखंड उचलले तरच त्याचा उपयोग. तेच फोल्डर पूर्णपणे साडेअकराच्या वेळेचे उतरवले. काकांनी शुक्रवारी संध्याकाळी छापून ठेवलेला ट्रायल बॅलन्स, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकींची यादी काढली आणि पडद्याशी ताडून पाहिली. रकमा पैशापर्यंत जुळल्या, तेव्हा कोणीतरी चहा मागवला.

जुन्या ग्राहकांची कागदपत्रे असलेली एक बाहेरची हार्ड डिस्क होती. एरवी कपाटात असणारी ती डिस्क शुक्रवारी कोणीतरी काहीतरी शोधायला सर्व्हरला लावली आणि तशीच राहिली, त्यामुळे तीही गेली. त्याआधी ती कित्येक महिने जोडलेलीच नव्हती. बाहेरची डिस्क ३० दिवस दिसली नाही तर ती टाकून दिली असे समजून तिचा बॅकअप काढून टाकायचा, असा नियम काही सेवांत होता आणि अजूनही काही ठिकाणी असतो. आमच्या सेवेत वर्षभराची मुदत असल्यामुळे तो डेटा शिल्लक राहिला. आउटलुकचे मेल ज्यात साठतात ती मोठी पीएसटी फाईल मात्र गुरुवारचीच मिळाली, कारण शुक्रवारी तिचा अपलोड पुरा झालाच नव्हता. त्या दिवशीचे मेल ग्राहकांना फोन करून पुन्हा मागवावे लागले. रविवारी संध्याकाळपर्यंत बाकी ऑडिटचे सर्व ग्राहक उघडत होते आणि अहवाल मुदतीत गेले.

हे सर्व चालू असतानाच एक काम मी शनिवारीच करायला लावले होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. सरांना बोभाटा नको होता आणि त्यांचा संकोच मला समजत होता, पण कळवणे म्हणजे जाहीर करणे नव्हे, हे पटल्यावर त्यांनी सायबर पोलिसांकडेही तक्रार दिली. फायली परत मिळाल्या म्हणजे सगळे मिळाले असे नाही, हेही त्यांना सांगणे भाग होते. चोराने कुलूप लावण्यापूर्वी काही फायली स्वतःकडे नेल्या असतील तर त्यावर कोणत्याही बॅकअपकडे इलाज नाही.

पुढच्या महिन्यात व्यवस्था बदलली. रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनच्या, म्हणजे परवानगी असलेल्यांनाच आत घेणाऱ्या सुरक्षित जोडणीच्या मागे गेला, नॅस स्वतः सर्व्हरकडून डेटा ओढून घेऊ लागले आणि झेड ड्राइव्ह नाहीसा झाला. याखेरीज एक दुसरी प्रत मुंबईतील डेटा सेंटरमध्ये ठेवायची ठरली. ज्या कंपन्यांची पुस्तके हेच कार्यालय लिहिते त्यांच्याबाबतीत ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीने भारतातील सर्व्हरवर रोजचा बॅकअप बंधनकारक केला आहे, आणि आमच्या पहिल्या सेवेचे सर्व्हर परदेशात होते. या दुसऱ्या प्रतीला ऑब्जेक्ट लॉक लावले. ॲमेझॉनच्या एस३ या डेटा साठवण्याच्या सेवेत ही सोय २०१८ पासून आहे. तिच्या कडक प्रकारात ठरवलेली मुदत संपेपर्यंत ती प्रत खात्याच्या मालकालाही पुसता येत नाही.

मुदतीवरून सरांशी बराच वाद झाला. मला सहा महिने हवे होते. त्यांचे म्हणणे असे की एखादा ग्राहक दुसऱ्या सीएकडे गेला आणि माझी माहिती काढून टाका म्हणाला, तर सहा महिने थांबा असे त्याला सांगायचे कसे? मुद्दा बिनतोड होता. शेवटी मुदत ४५ दिवसांवर आली आणि नव्या वर्षाच्या एंगेजमेंट लेटरमध्ये, म्हणजे ग्राहकाशी कामाच्या अटी ठरवणाऱ्या पत्रात तसे एक कलम घालण्यात आले.