चाळीस पानं, एकच नाव

काल रात्री माझ्या जुन्या वेबसाइटचा सोर्स (पानांमागचा कोड) उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. चाळीसच्या चाळीस पानांचं टायटल, म्हणजे गूगलच्या निकालात दिसणारं पानाचं नाव, एकच: ‘मुख्यपृष्ठ’. साइट माझीच, शिव्या तरी कुणाला देणार!

कीवर्ड्सच्या मेटा टॅगमध्ये (कोडमधली शोधशब्दांची यादी, वाचकाला न दिसणारी) मात्र ३० शब्द कोंबलेले. निकालांची क्रमवारी ठरवताना हा टॅग बघतच नाही, असं गूगलनं २००९ सालीच जाहीर केलंय. म्हणजे कुणी फिरकत नाही त्या खोलीत मी इमानेइतबारे झाडलोट करत होते.

सुरुवात टायटलपासून केली. ‘कॅमेरा माहिती’चं झालं ‘कॅमेऱ्याची लेन्स घरी कशी पुसावी’. लोक शोधताना असंच टाइप करतात. मग डिस्क्रिप्शन, म्हणजे निकालात टायटलखाली दिसणारी पानाची थोडक्यात ओळख. त्यानं क्रमांक वर चढत नाही, पण निकालात ते वाचूनच माणूस क्लिक करायचं की नाही ते ठरवतो. (गूगलच्या मनात आलं तर ते पानातलंच दुसरं वाक्य उचलून दाखवतं, ते वेगळं.)

फोटोंचे ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) सगळे रिकामे. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तिथे काय वाचणार? याची मात्र खरंच लाज वाटली.

अकरा पानं झालीत. बाराव्यावर ‘इथे क्लिक करा’ अशा, कुठे नेतात ते न सांगणाऱ्या सात लिंका आहेत. त्या उद्या.