पावसाळी खेप: कोबीची बरणी आणि आतड्यातली जनुकं

मिठात कोबी आंबवायच्या या खेपेत बदल एकच: मीठ अडीचऐवजी तीन टक्के. १ किलो बारीक चिरलेला कोबी, ३० ग्रॅम जाडं मीठ. परदेशी कृती १८ ते २२ अंशांच्या खोलीसाठी लिहिलेल्या असतात. तिथे आधी ल्युकोनोस्टॉक हा आंबवणारा जंतू सावकाश काम करतो, मग प्लँटारम हा दुसरा जंतू ताबा घेतो. मुंबईच्या पावसाळ्यात ओट्यावर २९-३० अंश असले की पहिला टप्पा उरकलाच म्हणून समजा. आंबटपणा झटपट येतो, चव एकसुरी होते आणि मीठ कमी असेल तर कोबी मऊ पडतो.

मीठ चोळून अर्धा तास ठेवा, मग काचेच्या बरणीत दाबून भरा. सुटलेलं पाणी कोबीच्या वर दोन बोटं हवं. कमी पडलं तर पाणी उकळून गार करा (क्लोरीन बराचसा उडतो) आणि लिटरला ३० ग्रॅम मीठ घालून ते ओता. वर वजनाला काचेची वाटी. झाकण सैल ठेवा, नाहीतर पहिले तीन दिवस रोज उघडून वायू सोडा. पाचव्या दिवशी पीएच पट्टी (आंबटपणा मोजणारी) ४ च्या खाली दिसली की फ्रीजमध्ये. वर पातळ पांढरा पापुद्रा आला तर ते यीस्ट, काढून टाका. रंगीत किंवा केसाळ बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेका, वरचा थर काढून भागत नाही.

बरणीवर तारीख का लिहायची? तिच्यावरून आतले जंतू कोणत्या अवस्थेत असतील याचा अंदाज येतो, आणि अवस्थेने फरक पडतो. २००९ च्या एका डच प्रयोगात निरोगी लोकांना प्लँटारमचा एकच वाण तीन अवस्थांत दिला: जोमात वाढणारा, वाढ थांबलेला आणि मेलेला. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तरात एनएफ-कप्पा-बी या प्रतिकार-मार्गातल्या जनुकांचा प्रतिसाद तिन्ही वेळा वेगळा निघाला. जनुकं तीच, कुठलं किती वाचलं जातं, ते बदललं. अर्थात तो मोजून दिलेला एकच वाण होता. आपल्या बरणीत रानटी मिश्रण असतं, त्यामुळे तिला काटेकोर अर्थाने प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

जनुकांवर परिणाम व्हायचा दुसरा मार्ग अन्नातल्या तंतूंचा (फायबर), आणि आम्हाला तोच जास्त भरवशाचा वाटतो. मोठ्या आतड्यातले दुसरे जंतू तंतूंपासून ब्युटिरेट हे छोटं मेदाम्ल बनवतात. ते हिस्टोन डीअॅसिटिलेज या विकरांना (एन्झाइम) अडवतं, हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) अॅसिटिल गट टिकतात, डीएनएची गुंडाळी सैल होते आणि काही जनुकं वाचायला मोकळी होतात. प्लँटारम स्वतः ब्युटिरेट बनवत नाही, पण काही जंतू लॅक्टिक आम्लापासूनही ते बनवतात. म्हणून कोबी नुसता चाखण्यापेक्षा उसळ-भाकरीबरोबर घ्या, आणि जंतू मरू नयेत म्हणून गरम भाजीत ढवळू नका.

५० ग्रॅम कोबीत साधारण दीड ग्रॅम मीठ जातं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब असेल तर चमचाभरच. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

पुढची खेप: एकाच कोबीच्या दोन बरण्या, एक ओट्यावर, दुसरी पाण्याच्या परातीत ओलं फडकं गुंडाळून. पावसाळी दमट हवेत फडक्याने किती अंश उतरतात, ते थर्मामीटरवर बघायचं.