मखराची धावती लाइट, सोल्डरविना: काम कुठवर आलं

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबर २०२६ ला आहेत, म्हणजे हाताशी वेळ आहे. तरी मखराच्या लाइटिंगचं सर्किट आत्ताच टेबलावर मांडलंय, तेही ब्रेडबोर्डवर, म्हणजे खाचांत तारा आणि पार्टचे पाय नुसते खुपसून जोडायच्या पाटीवर. खोली एक आणि घरात रांगतं बाळ, त्यामुळे शिशाचं सोल्डर (सांध्यावर वितळवायचा मऊ धातू) आणि त्यातल्या रोझिनचा (राळेचा) धूर दोन्ही बाद. शिवाय विसर्जनानंतर सगळं सुटं करून डब्यात भरता आलं पाहिजे.

सर्किट आपलं नेहमीचंच, तीन आयसींचं (चिपचं): ठोके देणारा ५५५ टाइमर, पुढे दर ठोक्याला पुढचा आउटपुट चालू करणारा सीडी४०१७ काउंटर, शेवटी पट्ट्यांचा करंट पेलणारा यूएलएन२००३ ड्रायव्हर. तिघंही १२ व्होल्टवर चालतात, वेगळा रेग्युलेटर लागत नाही. यूएलएनला सातच वाटा असतात, म्हणून ४०१७ चा आठवा आउटपुट (पिन ६) रीसेटला (पिन १५) जोडलाय. एलईडीच्या सात पट्ट्या एकामागून एक पेटतात आणि गाडी परत पहिल्यावर. ५५५ ला १० के आणि १०० के (किलोओहम) चे रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावले की सेकंदाला जेमतेम सात ठोके पडतात, म्हणजे एक फेरा साधारण सेकंदाचा. आरतीच्या वेळी एवढी धावपळ डोळ्यांना सोसत नाही. म्हणून १०० के बरोबर ४७० के चा पॉट (फिरवून रोध बदलायचा रेझिस्टर) सिरीजमध्ये टाकलाय. पूर्ण फिरवला की फेरा साडेपाच सेकंदांवर येतो.

गंमत म्हणजे आज आपण वापरतो तो खाचेचा ब्रेडबोर्ड रोनाल्ड पोर्तुगाल यांनी १९७१ च्या सुमारास आखला आणि हान्स कामेंझिंड यांनी ५५५ वर काम केलं तेही त्याच सुमारास. जोडी पहिल्यापासून जमलेली.

आता मूळ मुद्दा. ‘ब्रेडबोर्ड चाचणीपुरता, कायमचं म्हणजे सोल्डर’ असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. पाच दिवस काय, महिनाभरही टिकतं, फक्त प्रत्येक सांध्याकडे लक्ष द्यावं लागतं. तयार जंपर (जोडणीच्या छोट्या तारा) घेताना चुंबक लावून बघा. लॅमिंग्टन रोडवर (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) स्वस्तात मिळणाऱ्या गड्डीतल्या बऱ्याच तारा चुंबकाला चिकटतात, म्हणजे आत तांबं नाही, लोखंड. मी लॅन केबलचे उरलेले तुकडे सोलून घेतो. आतल्या आठ तारा एकेरी, शुद्ध तांब्याच्या, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या. खाचेत घट्ट बसतात आणि रंगही आयते मिळतात. टोक सात-आठ मिलिमीटर सोलायचं. मुंबईच्या पावसाळ्यात उघडं तांबं काळवंडतं, म्हणून जुनं टोक परत खुपसण्याऐवजी छाटून नवं काढायचं.

४०१७ च्या पिन १३ ला (गणती थांबवणारी पिन) ग्राउंड दिलंच पाहिजे. लोंबकळत ठेवली तर नुसतं बोट जवळ नेलं तरी गणती चुकते. ५५५ च्या पायांशी १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर आणि जवळच १०० मायक्रोफॅरड, हेही हवंच. साधा ५५५ आउटपुट पालटताना सप्लायला क्षणभर झटका देतो आणि त्या झटक्यात काउंटर दोन घरं पुढे जातो. लांब बोर्डाच्या कडेच्या रेल (सप्लायच्या लांब ओळी) बऱ्याचदा मध्यावर तुटलेल्या असतात, तिथे तारेचा पूल टाका.

पट्ट्यांचा करंट मात्र रेलमधून नेत नाही. ३५२८ ची (३.५ × २.८ मिलिमीटर आकाराच्या एलईडीची), मीटरला ६० एलईडीवाली पट्टी मीटरला ०.४ अँपिअर खाते. माझे तुकडे अर्ध्या मीटरचे आणि एका वेळी एकच पेटतो, म्हणजे ०.२ अँपिअर. पट्ट्यांचा प्लस थेट स्क्रूच्या कनेक्टर पट्टीवर. यूएलएनच्या पिन ८ मधून हा सगळा करंट परततो, म्हणून तिची तारही रेल टाळून थेट स्क्रूखाली. स्क्रूखाली जाणाऱ्या बहुपदरी तारेच्या टोकाला लग (धातूचं टोक) दाबलाय. इथे सोल्डर उलट नुकसानच करतं: सोल्डर मऊ, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि सांधा ढिला पडतो. टोकाला सोल्डर पाजू नका असं वायरमन मंडळी म्हणतात ते उगाच नाही.

सांधे तपासायला मल्टिमीटरची कंटिन्युइटीची शिट्टी (जोडणी सलग असली की वाजणारी) पुरत नाही, ती वाईट सांध्यालाही वाजते. मी पिन १३ ग्राउंडवरून काढून प्लसला लावतो. गणती जिथल्या तिथे थांबते आणि एक पट्टी पेटलेली राहते. मग मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर, एक प्रोब यूएलएनच्या पायावर, दुसरा त्याच खाचेतल्या तारेच्या उघड्या तांब्यावर. ०.२ अँपिअरला १० मिलिव्होल्ट दिसले तर सांध्याचा रोध ०.०५ ओहम, चालेल. तार बोटाने हलवायची; आकडा नाचला की ती ओळ बाद, आयसी दुसरीकडे. पंख्याखाली रात्रभर चालू ठेवून सकाळी हेच आकडे परत घेतो. आतापर्यंत फारसे हललेले नाहीत.

मखर पुठ्ठ्याचं आहे (थर्माकोलवर २०१८ पासून बंदीच आहे), त्यामुळे बोर्ड आणि अडॅप्टर मागच्या बाजूला प्लायच्या तुकड्यावर बसवणार, पुठ्ठ्याला लागून नाही. राहिल्यात फक्त पट्टीच्या टोकाला लावायच्या क्लिपा. ३५२८ ची पट्टी ८ मिलिमीटर रुंद, ५०५० ची १०. मोठ्या क्लिपेत लहान पट्टी बसल्यासारखी वाटते, पण दाते तांब्याच्या ठिपक्यांवर नीट टेकत नाहीत. रविवारी बाजार बहुतेक बंद, तेव्हा शनिवारी पट्टीचा तुकडा खिशात घालूनच जाणार आणि दुकानातच लावून बघणार.