नागपूर ते व्हिएन्ना, एकाच मार्गिकेच्या विमानाने

नागपूरहून युरोपला जायचे म्हणजे आधी मुंबई किंवा दिल्ली गाठायची आणि तिथून मोठे विमान पकडायचे, हा रूढ मार्ग. या डिसेंबरात आईला घेऊन व्हिएन्नाला जाताना आम्ही तो टाळला. सोनेगावच्या विमानतळावरून थेट शारजा आणि शारजाहून व्हिएन्ना असा प्रवास केला. दोन्ही टप्प्यांना एअरबस ए-३२० कुळातील विमान होते, म्हणजे मधोमध एकच मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. पहिला टप्पा सुमारे २,४५० किलोमीटरचा, तर दुसरा सुमारे ४,२५० किलोमीटरचा, आणि पश्चिमेकडे जाताना समोरून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे तो सहा तासांच्या आसपास जातो. एवढ्या लहान विमानात इतका वेळ कसे बसणार, असे निघण्यापूर्वी बहुतेक नातेवाइकांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे, पण अडचण लोक समजतात तिथे नसते, असे माझे मत झाले आहे.

सीटच्या रुंदीपासून सुरुवात करतो, कारण भीती तिचीच असते. ए-३२० कुळातील विमानांचा अंतर्भाग ३.७० मीटर रुंद असतो, त्यामुळे एका ओळीत सहा जण बसवूनही प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १८ इंचांची सीट येते. बोइंग ७३७ चा अंतर्भाग ३.५४ मीटर असल्याने तिथे ती १७ इंचांच्या आसपास येते. आता गंमत अशी की, ज्या बोइंग ७७७ मध्ये एका ओळीत दहा जण बसवलेले असतात, तिथेही सीट साधारण १७ इंचांचीच असते. म्हणजे विमान रुंद म्हणून खुर्ची रुंद, हा समज बरोबर नाही. उलट, ज्या विमानांत सीटच्या पाठीवर चित्रपट पाहण्याचे पडदे बसवलेले नाहीत, तिथे पायांजवळ पडद्यांच्या यंत्रणेची पेटीही नसते आणि पाय मोकळे पसरता येतात. पडदा नसल्याने करमणुकीची सोय मात्र स्वतः करून न्यावी लागते. चित्रपट, गाणी, पुस्तके जे काही हवे ते घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावे. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच ठेवावी. एक उणीव खरी आहे: अलीकडच्या सीट पातळ गादीच्या असतात आणि तीन तासांनंतर माकडहाडाला ते जाणवू लागते. आईसाठी घरची छोटी चौकोनी उशी नेली होती, तिचा उपयोग मानेखालच्या फुगवण्याच्या उशीपेक्षा कितीतरी अधिक झाला.

खरा प्रश्न त्या एका मार्गिकेचा आहे. मोठ्या विमानात एका मार्गिकेत जेवणाची ट्रॉली अडली तर दुसरीने फिरून जाता येते. इथे ट्रॉली निघाली की तिच्या पलीकडचे स्वच्छतागृह नकाशावरून पुसल्यासारखे होते. ए-३२० मध्ये साधारणपणे एक स्वच्छतागृह पुढे आणि दोन मागे असतात. ज्या विमानकंपन्या खाद्यपदार्थ विकत देतात, त्यांची ट्रॉली अधिकच सावकाश सरकते, कारण प्रत्येक ओळीत सुटे पैसे, कार्ड आणि कोणता पदार्थ संपला याची चर्चा होते. म्हणून उठण्याच्या वेळा आधीच ठरवून ठेवाव्यात. उड्डाणानंतर सीटबेल्टचा दिवा विझतो आणि कर्मचारी ट्रॉली भरू लागतात, तेवढा थोडा वेळ सर्वांत सोयीचा. दुसरी संधी जेवणानंतर तासाभराने मिळते, तेव्हा बहुतेक प्रवासी झोपलेले असतात. उतरण्याआधीचा पाऊण तास टाळावा, कारण तेव्हा सगळ्यांनाच एकदम आठवण होते, आणि रांगेत असतानाच दिवा लागला तर परत फिरावे लागते. कर्मचाऱ्यांच्या जागेत, म्हणजे मागच्या किंवा पुढच्या दाराजवळ, घोळका करून उभे राहू नये. पण विचारून दोन मिनिटे पाय मोकळे करू द्यायला ते सहसा हरकत घेत नाहीत.

सीटची निवड याच हिशेबाने करावी. खिडकीच्या सीटवरून उठणे म्हणजे भर पंगतीतून उठण्यासारखे: दोघांना उठवायचे, त्यांनी ताटे सावरायची, मग आपण निघायचे. गुडघे दुखणाऱ्या, वारंवार उठावे लागणाऱ्या किंवा मधुमेही प्रवाशाला मार्गिकेलगतची सीटच घ्यावी आणि तिचे थोडे जास्तीचे पैसे निमूट भरावेत. आई मार्गिकेलगत, मी मधल्या सीटवर, अशी आम्ही व्यवस्था केली, म्हणजे तिला उठण्यासाठी कोणा अनोळखी माणसाची परवानगी लागत नव्हती. मागच्या ओळी स्वच्छतागृहाजवळ असल्या तरी तिथे रांग आपल्याच खांद्याला टेकून उभी राहते, इंजिनाचा आवाज अधिक येतो आणि शेवटच्या ओळीची पाठ अनेकदा मागे झुकत नाही. पंखांच्या आसपासच्या ओळींत हेलकावे तुलनेने कमी जाणवतात. आपत्कालीन दाराजवळच्या ओळीत पाय भरपूर पसरता येतात खरे, पण मुलांना आणि मदतीची गरज असलेल्या प्रवाशांना तिथे बसवत नाहीत आणि पायाशी ठेवलेली पिशवी उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी वर ठेवावी लागते. चाकाची खुर्ची आधीच मागवून ठेवली तर विमानात चढताना पहिले जाता येते. उतरताना मात्र ती मदत सगळ्यांच्या शेवटी येते, म्हणून पुढचे विमान पकडायचे असल्यास शारजाला किमान तीन तास हाताशी असावेत. तिथे सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि पाण्याची बाटली रिकामी करावी लागते, तेव्हा रिकामी बाटली जवळ ठेवून ती आत गेल्यावर भरून घ्यावी.

आता हवेविषयी, कारण थकवा बराचसा तिच्यामुळे येतो. विमान अकरा किलोमीटर उंचीवर असताना आतील हवेचा दाब जास्तीत जास्त ८,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीइतका विरळ होऊ दिला जातो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही डोंगरावर नसते इतकी विरळ हवा आपण सहा तास घेतो. बोइंग ७८७ सारख्या संमिश्र द्रव्याच्या (धातूऐवजी कार्बनच्या धाग्यांनी बळकट केलेल्या प्लास्टिकच्या) विमानात हा दाब ६,००० फुटांच्या पातळीवर राखता येतो, आणि एका मार्गिकेचे (नॅरो-बॉडी) विमान खरोखर मागे पडते ते इथे. दाब कमी झाल्याने पोटातील वायू साधारण एक तृतीयांशाने फुगतो. यावरून निघणारा सल्ला नागपूरकरांना कठोर वाटेल, पण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सावजी जेवण आणि तर्री-पोहे दोन्ही वर्ज्य करावेत. तर्रीतला हरभरा आकाशात आपले अस्तित्व अधिक ठळकपणे दाखवून देतो. आम्ही वरण-भात आणि दही एवढ्यावर निघालो.

हवा कोरडीही असते. आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली जाते. घसा आणि डोळे कोरडे पडतात, चहा-कॉफीने तहान भागत नाही. आम्ही सोलून डब्यात भरलेली संत्री नेली होती, ती फार उपयोगी पडली. त्या वेळी संत्र्यांच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास तोडणीला येणाऱ्या पिकाची, फळे बाजारात असतात. ती उतरण्यापूर्वी संपवावीत, कारण युरोपीय संघात ताजी फळे नेण्यास वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांनाच त्यातून सूट आहे. नातवंडांसाठी संत्र्यांची पेटी न्यावी हा आईचा आग्रह त्यामुळे निघण्याआधीच मोडीत निघाला.

पायांची काळजी हा विषय हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील संशोधनानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसांत तो साधारण सहा हजारांत एक इतका राहतो. हा धोका विमानाच्या आकाराचा नसून न हलता बसण्याचा आहे, आणि अरुंद विमानात उठण्याचा कंटाळा जास्त येतो एवढाच फरक. घोटे फिरवणे, पोटऱ्या आवळणे-सोडणे हे बसल्या बसल्या करता येते. ज्यांना आधी गुठळीचा त्रास झाला आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावे.

या विमानांचा पल्ला वाढत चालला आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. ए-३२१ एक्सएलआर हे विमान सुमारे ८,७०० किलोमीटर जाऊ शकते आणि २०२४ पासून ते प्रवासी सेवेत आहे. नागपूर ते लंडन हे अंतर सुमारे साडेसात हजार किलोमीटर. मोठे विमान भरेल इतके प्रवासी नसलेल्या शहरांना थेट जोडण्यासाठीच अशी विमाने घेतली जातात, तेव्हा एका मार्गिकेत आठ-नऊ तास काढण्याची वेळ आपल्याकडेही येऊ शकते. तसे झाल्यास मधला थांबा नाहीसा होईल, आणि मला त्याचे थोडे वाईटच वाटेल. शारजाला दोन-अडीच तास चालता-फिरता आल्यामुळे आईचे गुडघे दुसऱ्या टप्प्यासाठी तयार झाले होते.

परतीचा प्रवास पूर्वेकडे, वाऱ्याच्या साथीने होत असल्याने व्हिएन्ना-शारजा टप्पा जातानापेक्षा लवकर संपतो. शारजा-नागपूर विमान रात्रीचे असल्यामुळे त्या टप्प्यासाठी मी खिडकी घेतली. उठायचे नसेल आणि झोपायचे असेल तर तीच योग्य. खिडकीलगत पायांना गार लागते, म्हणून जाड मोजे आणि शाल वरच्या कप्प्यात न ठेवता मांडीवर ठेवावी. नागपूरला पहाटे उतरल्यावर मेट्रो सुरू झालेली नसते, त्यामुळे टॅक्सी आधी ठरवून ठेवावी.